राखणदाराचा डावा कान

ताई पुण्याहून बसने आली ती हातात वही घेऊनच उतरली. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाली, "नंतर पड. आधी सांग, भाग दुसरा, समुद्रराणी जहाजातून उतरते तो धक्का कुठला?"

ही माझी थोरली बहीण. सगळा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. सत्यनारायणाच्या कथेतही "हे हिशेबात बसत नाही" म्हणणारी. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे पलंगावर पडून राहायची शिक्षा झाली आणि तिच्या लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने, तिचं डोकं शांत राहावं म्हणून तिला एक मालिका लावून दिली. समुद्रात बुडालेलं राज्य, ते परत मिळवायला निघालेली राणी, वाटेत सात दरवाजे आणि प्रत्येक दरवाजावर एकेक भयंकर द्वारपाल. ताईने ती मालिका तीनदा पाहिली. तिसऱ्या वेळी वही घेऊन. त्या वहीत प्रत्येक भागातली ठिकाणं, मिनिट आणि सेकंदासकट लिहिलेली होती, कारण मालिकेचं निम्मं चित्रीकरण आमच्या रत्नागिरीत झालं होतं. गुडघा वाकायला लागल्यावर तिने पहिली गोष्ट कुठली केली असेल तर माहेरी यायचं तिकीट काढलं.

माहेरी म्हणजे माझ्याकडे. आणि इथेच अडचण होती.

मी त्या मालिकेत काम केलं आहे. हे वाक्य मी आमच्या घरात आजवर किमान शंभर वेळा उच्चारलं असेल आणि दर वेळी लोकांनी पुढ्यातल्या चकल्या उचलल्या आहेत.

त्याला कारण आहे. "ताई खोटं बोलत नाही" हे आमच्या घरात पाढ्यासारखं होतं. बे एके बे, ताई खोटं बोलत नाही. बे दुणे चार, धाकटा खरं बोलत नाही. हा पाढा सुरू कधी झाला ते मला नक्की आठवतं. मी सहा वर्षांचा होतो, ती अकराची. मे महिन्यात ती अंगणात नाटकं बसवायची. राजा ती, प्रधान ती, लेखिका ती, आणि राजकन्येला मुलगी मिळाली नाही म्हणून राजकन्या मी. राजकन्येच्या कानात डूल हवेत म्हणून तिने मागच्या लिंबाचा काटा आणून माझी डाव्या कानाची पाळी टोचली आणि आईचा डूल अडकवला. ऐन प्रयोगात राजकन्या पडद्यातून, म्हणजे आईच्या जुन्या पातळातून, धावत बाहेर आली. डूल पातळात राहिला आणि पाळीचे दोन भाग झाले. ते आजही दोनच आहेत.

आई धावत आली. ताई म्हणाली, "झोपाळ्याची कडी लागली." मी रडत रडत खरं ते सांगितलं. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि कानातून रक्त गळत असताना मला पाठीत धपाटा घातलान. "बहिणीवर आळ घेतोस?"

त्या दिवशी मला खरेपणातलं सगळं नुकसान कळलं. म्हटलं, नाव झालंच आहे तर धंदा तरी करावा. तेव्हापासून मी गोष्टी सांगतो. पोटापाण्यासाठी माझं चष्म्याचं दुकान आहे, पण गिऱ्हाईक चष्म्यासाठी कमी आणि गप्पांसाठी जास्त येतं असं बायको म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही.

तर काम. चित्रीकरणवाल्यांना सातव्या दरवाजाच्या द्वारपालासाठी "दगडासारखा चेहरा" हवा होता. हौशी नाटकांत चाळीसेक भूमिका केलेला मी चाचणीला गेलो, आणि मला पाहताक्षणी दिग्दर्शक म्हणाला, "हाच!" मी ती स्तुती समजलो. त्यांनी माझ्या डोक्यापासून मानेपर्यंत थंडगार लगदा थापला, वर प्लास्टर बांधलं, नाकपुड्या तेवढ्या उघड्या ठेवल्या, आणि त्या साच्यातून फायबरचा एक बसलेला द्वारपाल केला. दुरून दिसेल तो फायबरचा. जवळून, डोळे उघडताना दिसेल तो मी. पाली गावाच्या अलीकडे आत वळणाऱ्या रस्त्यावर एक मोठा कातळसडा, म्हणजे खडकाचं उघडं माळरान, आहे. तिथे राखाडी रंग फासून मी सात तास उन्हात मांडीवर हात ठेवून बसलो आणि एकदा डोळे उघडले. पुढे मुंबईत त्या डोळ्यांच्या जागी संगणकाने निळ्या ज्वाळा काढल्या. म्हणजे साऱ्या जगाने जे पाहिलं त्यात माझ्या स्वतःच्या म्हणून फक्त पापण्या होत्या.

"आणि तो द्वारपाल दार कुणाला उघडतो?" ताईने चहा घेताना मला विचारलंन, शाळेत उभं करून विचारावं तसं.

"ज्याने आयुष्यात एकदाही खोटं सांगितलेलं नाही त्याला."

"आणि ती भूमिका तुला दिली."

बायको स्वयंपाकघरात इतकी हसली की दूध उतू गेलं.

"ताई, तो पुतळा ते तिथेच टाकून गेलेत," मी म्हटलं. "टेम्पोत मावला नाही. चल, दाखवतो. माझंच तोंड आहे."

ताईने वही मिटली. "ठीक. तोंड तुझं निघालं, तर सगळ्या नातेवाइकांसमोर कबूल करीन की तू खरं बोलतोस. नाही निघालं, तर भाचीच्या लग्नात तू तोंड उघडायचं नाहीस. एकही गोष्ट नाही. जेवायला तेवढं उघड."

आता तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं. पण लग्न पंधरा दिवसांवर होतं. अडीचशे माणसं, हक्काची, जेवल्याशिवाय उठून जाऊ न शकणारी. मी वर्षभर त्यासाठी गोष्टी राखून ठेवल्या होत्या. तिथे मुका बसण्यापेक्षा मी पुन्हा कान टोचून घेतला असता.

"कबूल," मी म्हटलं.

पण ताईची शिस्त. सातवा दरवाजा सातव्याच जागी पाहायचा. आधी वहीतला क्रम.

पहिल्यांदा मिरकरवाड्याचा धक्का. तिथे एक चाचा मला ओळखतात, त्यांची लाँच मालिकेत राणीचं जहाज झाली होती. तिला काळा रंग देऊन पुढे मगरीचं डोकं बसवलं होतं. चाचा जाळं दुरुस्त करत बसले होते. ताईने हात जोडून विचारलं, "राणी इथेच उतरली ना?"

"ह्या फळीवरून," चाचा म्हणाले. "आणि उतरल्या उतरल्या ओकली."

"समुद्रराणी?"

"समुद्रराणीच. धक्क्यापासून दहा हात गेलो नव्हतो बाई, लगेच 'थांबवा थांबवा' सुरू. दिवसभर लिंबू हुंगत होती बिचारी. पण पोरगी चांगली. जाताना सगळ्या खलाशांना सलाम करून गेली."

"आणि ते मगरीचं डोकं?"

"घरी आहे. आमच्या बीबीच्या कोंबड्या त्याच्या जबड्यात अंडी घालतात. दुसरीकडे घालायला तयारच नाहीत आता."

ताईने ते लिहून घेतलं. मग माझ्याकडे पेन रोखून म्हणाली, "चाचा, ह्याला पाहिलंत का हो शूटिंगला?"

मी चाचांकडे डोळ्यांनी शक्य तेवढ्या विनवण्या केल्या. चाचा प्रामाणिक माणूस. नीट आठवून म्हणाले, "हो तर. रोज पाहिलं. जेवणाच्या रांगेत."

"काम करताना?"

"ते नाही सांगता येणार. पण रांगेत पहिले असायचे."

तिथून दीपगृहाच्या किल्ल्यावर गेलो. मालिकेतला चेटकिणीचा मनोरा तो. ताई गुडघा धरून चढली आणि वर पोचल्यावर चेटकीण ज्या कठड्यावर उभी राहून वादळ बोलावते तिथे उभी राहून तिने दोन्ही हात पसरले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून, अर्थात. वादळ आलं नाही. तिची ओढणी उडाली ती मी पळत जाऊन पकडली.

मग काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. हे आमच्याकडचे दोन किनारे, वाळूच्या रंगावरून नावं पडलेली. मालिकेत त्यांच्यावर दोन शत्रुराज्यं आहेत आणि राणीचं सैन्य एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर उपाशीतापाशी आठ दिवस वल्हवत जातं. आम्ही मधे नारळपाणी प्यायला थांबूनसुद्धा अर्ध्या तासात पोचलो. ताईने वहीत लिहिलं, "अंतर?" आणि खाली दोन रेघा मारल्या. पण तिचा उत्साह तसूभरही कमी झाला नाही. एका जागी वाकून तिने चिमूटभर काळी वाळू रुमालात बांधून घेतली, आणि मी पाहतोय हे कळल्यावर म्हणाली, "कुंडीत घालायला."

दुपारी जेवून आम्ही सड्याकडे निघालो. गाडीत मी एकटाच बोलत होतो, ती खिडकीतून बाहेर बघत होती. वळण आलं तसा मी गाडीचा वेग कमी केला. उन्हात सात तास बसून पाठ धरल्यापासून मी पुन्हा तिकडे फिरकलो नव्हतो. तीन पावसाळ्यांत फायबर फुटलं असेल का? कुणी उचलून नेलं असेल का?

कुणी नेलं नव्हतं. पिवळ्या गवताच्या त्या मोकळ्या सड्यावर मधोमध चार लोखंडी पाइप उभे होते, वर पत्रा, पत्र्याला लाल झेंडा, पाइपाला घंटा. पुढे नारळाच्या करवंट्यांचा ढीग. आणि आत, मांडीवर हात ठेवून, मी.

म्हणजे मी असणार. खात्रीने सांगता येत नव्हतं. कारण त्या चेहऱ्यावर दोन बोटं जाड शेंदूर होता. माझं बाकदार नाक, ज्याच्या जोरावर मी तीन पेशवे रंगवले, ते गालांत विरघळून गेलं होतं. हनुवटी नाहीशी. आणि निळ्या ज्वाळांच्या जागी कुणीतरी भक्तीने चांदीचे डोळे बसवले होते. पुन्हा एकदा माझे डोळे गेले.

ताई गाडीतून उतरली. चपला काढल्या. थोडा वेळ बघून म्हणाली, "लग्नात कुठल्या रंगाचा शर्ट घालणार आहेस? बोलायचं नाहीच आहे, तर निदान दिसायला बरा दिस."

एक आजी खराट्याने भोवतालचं गवत लोटत होत्या. मागच्या वाडीतल्या. पाठीत वाकलेल्या, आवाज मात्र खणखणीत. "या, या. पुण्यासून आलाव? राखणदाराचं दर्शन घ्या."

आमच्या कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. रानाला, पाणवठ्याला, बांधाला. तो दिसत नाही, पण त्याचा मान वर्षाला एक नारळ ठेवून करावा लागतो. ह्या सड्याला तो होता की नव्हता मला माहीत नाही. असलाच तर तोवर बिनचेहऱ्याचा होता.

"आजी," मी जपून विचारलं, "हा तर ते शूटिंगवाले ठेवून गेले ना?"

"ते आमाला काय म्हाईत नाय?" आजींनी खराटा थांबवला. "आमच्या म्होरं ठेवलंनी. पर ठेवला कुनी आनि बसला कोन, ह्ये येगळं. देवळातला देव तरी काय आपल्या पायानं चालत आला? पाथरवटानं केलान, मंग त्यात देव बसला. माजी गाय तीन दिस गायब होती. सगळं रान पालथं घातलं. चवथ्या दिशी बघतो तर ह्याच्या पायाशी रवंथ करत बसलेली. तवा कळला, कोनतरी बसलाय."

मी फायबरचं बोलणार होतो. गिळलं.

पण लग्न पंधरा दिवसांवर होतं. आजी पाठमोऱ्या झाल्या तसा मी हळूच पुढे सरकलो. नाकाच्या शेंड्यावरचा एवढासा शेंदूर नखाने काढला असता तरी काम झालं असतं. नख टेकतंय तोच मनगटावर खराटा बसला.

"हात! अंगाला हात लावायचा नाय! कुनी लावत नाय!"

आजी, त्या अंगाला मी रोज साबण लावतो, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"माफ करा हं," ताई त्यांना म्हणाली. "लहानपणापासून असाच आहे. सांगितलेलं ऐकत नाही."

आजींनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग आणखी जवळ येऊन. "ह्यांना कुटंतरी बघितल्यासारका वाटताय."

माझ्या आशा पालवल्या.

"चष्म्याचं दुकान आहे त्याचं रत्नागिरीत," ताई म्हणाली.

"तेच आसंल," आजी म्हणाल्या आणि मला सोडून दिलं. मग त्यांनी पदराच्या गाठीतून झेंडूचं एक फूल काढलं, राखणदाराच्या डाव्या बाजूला गेल्या आणि सवयीच्या हाताने ते फूल त्याच्या कानात खोवलं. पाळीत. पाळीच्या बरोब्बर मधल्या चिरेत. फूल तिथे असं बसलं जसं काही ती चीर त्यासाठीच केली होती. कानाला मात्र कुणी शेंदूर लावला नव्हता, फूल बसावं म्हणून.

ताईने ते पाहिलं. तिने चष्मा काढला, ओढणीला पुसला, पुन्हा घातला. राखणदाराच्या कानाकडे पाहिलं. माझ्या कानाकडे पाहिलं. पुन्हा त्याच्या. शाळेत पोरांची उत्तरं ताडून बघताना ती बघत असेल तशी. मी आयुष्यात पहिल्यांदा एकही शब्द न बोलता उभा होतो.

आजी सांगत होत्या, "कान फाटका हाय ना, म्हनून जास्ती कडक हाय. लोक बोलतात वाघानं फाडलान."

"वाघीण असेल," ताई म्हणाली.

"काय?"

"काही नाही. वाघीण असेल म्हटलं. लहान."

"आसंल, आसंल," आजी म्हणाल्या. "नारळ आनलाव? मंग गाऱ्हानं घालतो."

गाडीत नारळ होताच, रत्नागिरीत कुणाच्या गाडीत नसतो? आजींनी तो समोर ठेवला, खराटा बाजूला केला, हात जोडले आणि वाकलेली पाठ जरा सरळ करून सगळ्या सड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं. "बा राखणदारा, ही भैन-भावंडं लांबून तुज्या पायाशी आलीत. त्यांच्या मनात काय हाय ते तू जानतोस—"

"चांगलंच जाणतो," ताई पुटपुटली.

"—काय चुकला माकला आसंल तर पदरात घे, दोगांचा बरा कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला उभ्या असलेल्यांनी साथ द्यायची रीत आहे. माझ्या तोंडून आपोआप, नाटकी आवाजात निघालं, "व्हय म्हाराजा!" माझ्यापुढचं गाऱ्हाणं, आणि मीच ते मंजूर केलं. आजींना आवाज फार आवडला.

निघताना ताईने त्यांना विचारलं, "पावतो का हो?"

"पावतो तर. जरा येळ लागतो."

"लागणारच," ताई म्हणाली. "उशिरा उठतो तो. पण आजी, एक सांगू? गाय वगैरे ठीक आहे. हिशेबाचं काम मात्र ह्याच्यावर सोडू नका."

परतताना हातखंब्याचा तिठा आला तेव्हा ताई म्हणाली, "दुखलं होतं का रे?"

"कधी? प्लास्टर लावलं तेव्हा?"

"नाही. तेव्हा."

"छे. जरासुद्धा नाही," मी म्हटलं. दिवसभरात मी खोटं बोललो ते एवढंच.

घरी येऊन ती पडवीत बसली. "तू जिंकलास," म्हणाली. "पण आता मी लोकांना सांगू काय? पुतळा तुझा आहे म्हटलं, तर चार दिवसांत कुणीतरी तिथे जाऊन आजींना सांगेल, हा तर चष्मेवाला. त्यांचा राखणदार मी नाही मोडणार."

"मग पैज?"

"पैज पाळायची. तुझं खरं होतं, हे सांगायचं. कुठलं, ते मी ठरवते." तिने फोन घेतला, नातेवाइकांचा ग्रुप उघडला आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं. मी खांद्यावरून वाचत होतो. "सर्वांना नमस्कार. धाकट्याचा डावा कान लहानपणी मी लिंबाच्या काट्याने टोचला होता, त्यातूनच तो फाटला. झोपाळ्याची कडी लागली नव्हती. मी आईशी खोटं बोलले. तो खरं सांगत होता. लग्नात त्याला बोलू द्यावं."

पाठवलं आणि पाय हलवत उत्तराची वाट बघत बसली. पंचेचाळीस वर्षं उराशी धरलेली गोष्ट होती ती.

पहिलं उत्तर धाकट्या मावशीचं आलं. "ताई, तुझं मन किती मोठं गं! त्याच्यासाठी स्वतःवर घेतेस." मग मामांचं. "हे त्यानेच तुझ्या फोनवरून लिहिलंन, आम्ही ओळखलं." मग हसणारी तोंडं, ओळीने. भाचीने लिहिलं, "आई, मामाने काय पाजलं तुला?"

ताईने फोन लांब धरला, जवळ धरला, माझ्याकडे वळली. चेहरा लालबुंद. "अरे, मी खरं सांगतेय! आणि कुणी ऐकतच नाहीये!"

मी तिच्या हातात चहाचा कप दिला.

"असंच होतं," मी म्हटलं. "सवय होईल."